शब्द पाठ करून काही होत नाही हो

मराठी शब्दसंग्रह वाढवायचा तर रोज शब्दकोशातले दहा शब्द पाठ करा, असं वरच्या कमेंटमध्ये कुणीतरी म्हटलंय, मी केलंय ते, आठवड्यात सगळे विसरलो. शब्द वाक्यात भेटला तरच लक्षात राहतो असा माझा तरी अनुभव.

आता हेच बघा, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं "बाथरूममध्ये पाणी गळतंय", तर प्लंबर नळाचे वॉशर घेऊन हजर! नळ ठणठणीत, वरच्या मजल्यावरून भिंतीत पाणी झिरपत होतं. गळणं, ठिबकणं, झिरपणं, पाझरणं, आपल्याकडे प्रत्येकाला वेगळा शब्द आहे आणि मी मेला सगळीकडे "लीकेज" लिहीत बसतो. झिरपणं हा शब्द मला विहिरींवरच्या एका जुन्या लेखात भेटला होता, ग्रुपवर तोच वापरला असता तर एक फेरी वाचली असती (आणि व्हिजिट चार्जही).

पुण्यात अप्पा बळवंत चौकात (पुस्तकांच्या दुकानांचा भाग) जुने दिवाळी अंक मिळाले तर उचला, शेती-स्वयंपाकावरचे लेख आधी वाचा, क्रियापदं तिथे खच्चून असतात. अडलं की मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश, १८५७ची आवृत्ती ऑनलाइन फुकट आहे. पण आधी अंदाज बांधायचा, मग बघायचं.