कोल्हापूर–वैभववाडी: वेळ घाटात जाणार

कोल्हापूरहून कोकण रेल्वेवरच्या वैभववाडीपर्यंतचा प्रस्तावित रेल्वेमार्ग शंभर-सव्वाशे किलोमीटरचा, म्हणजे पॅसेंजर दीड-दोन तासांत कोकणात, असा हिशोब मांडला जातो; तो मला पटला नाही. अंतर बघून वेळ काढला की घाट राहून जातो.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. समजा त्यातले ५०० मीटर उतरायचे आहेत. बोरघाटासारखा ३७ ला १ चढ (दर ३७ मीटर अंतराला १ मीटर उंची) ठेवला तर १८-१९ किलोमीटरमध्ये गाडी खाली येते, पण मग कर्जतसारखी मागून ढकलणारी जादा इंजिनं आली, उतरताना वेगाला लगाम आला. १०० ला १ चढ हवा असेल तर तेवढ्याच उतारासाठी ५० किलोमीटर लागतात. एवढी लांबी सह्याद्रीच्या कड्यावर आणायची कुठून? वळसे आणि बोगदे काढून. खर्च तिथेच फुगतो. कोकण रेल्वेने १५० ला १ चढ सांभाळला, पण ती घाट न उतरता सह्याद्रीच्या पायथ्याने समांतर धावते. तरी रत्नागिरीजवळच्या करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा चुकला नाहीच!

माझ्या मते केवळ पॅसेंजरवर हा मार्ग कधीच भागणार नाही. मालगाड्या धरूनच चढ ठरवावा लागेल, आणि तिथे घाई केली तर पुढची शंभर वर्षं बँकर, म्हणजे ती मागून ढकलणारी इंजिनं, जोडत बसू.

वैभववाडीला उतरल्यावरचं काय, हेही कोणी बोलत नाही. पुढे कोकण रेल्वे अजून बहुतांश एकेरीच आहे. आपली गाडी समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला क्रॉसिंगला उभी राहिली की घाटात वाचवलेला वेळ तिथेच जायचा.