आईला पेसमेकर बसवला, पण कामं सोडूनच नाही राहिली

मनीषनगरची लेक:
आई ६८ वर्षांची, डाव्या बाजूला पेसमेकर बसवून १२ दिवस झाले. जखम चांगली आहे पण ऐकून नाही राहिली ना. काल मी ऑफिसातून आली तर हिने बादलीनं कूलरची टाकी भरली होती अन् ओल्या चादरी दांडीवर टाकून राहिली होती, डावा हात पार डोक्याच्या वर. माझ्या पोटात गोळाच आला. आता म्हणते कुरड्यांसाठी गहू भिजवले, चीक मीच घोटणार. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी सगळं सांगितलं पण मी इतकी घाबरलेली होती की अर्धं डोक्यात शिरलंच नाही. घरी इंडक्शन आहे, मिक्सर आहे, मोबाईल तर दिवसभर ब्लाउजमध्ये. काय बंद करू अन् काय चालतं?

महालचे काका:
पोरी, मला बसवून सहा वर्षं झाली. यंत्रापासून निघालेली तार शिरेतून हृदयात जाते, तिला तिथं पक्कं बसायला वेळ लागतो. म्हणून साधारण ४ ते ६ आठवडे तो हात खांद्याच्या वर नाही, अन् साधारण पाच किलोच्या वरचं वजनही त्या हातानं नाही. भरलेली बादली १५ किलोची असते, हिशोब तूच कर. चीक घोटणं तर नकोच, किती जोर लागतो त्याला. पण हात बांधूनही ठेवू नको. मी भीतीनं छातीशी धरून बसलो अन् खांदा असा आखडला की दोन महिने फिजिओथेरपी केली. वेणी घालताना हात वर जातो, म्हणून ती तू घाल, पण जेवण, भाजी निवडणं, पोळ्या लाटणं चालू दे. अन् चक्कर, ताप, जखमेला लाली किंवा पाणी, थांबतच नाही अशी उचकी, यातलं काहीही दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे. उचकीचं मुद्दाम सांगतो, तार सरकली तर तसं होऊ शकते.

सासूबाईंची सून, धरमपेठ:
आमच्या सासूबाईंनाही आहे. मिक्सर, फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह सगळं चालते, फक्त मिक्सर छातीशी कवटाळून धरायचा नाही, वीतभर लांब ठेवायचा. इंडक्शनपासून मात्र दोन फूट अंतर हवं, अन् ढवळताना ते राहतच नाही, म्हणून त्यांना आम्ही गॅसच दिला. मोबाईल ब्लाउजमधून आजच काढा ताई! सहा इंच लांब अन् उजव्या कानाला. कव्हरला किंवा पर्सला चुंबक असेल तर तेही छातीजवळ नको, चुंबक जवळ असेपर्यंत पेसमेकर हृदयाचे ठोके न बघता ठरलेल्या वेगानं चालत राहतो, लांब केलं की पूर्ववत.

वायरिंगवाला दादा:
सगळ्यांनी कूलर सोडला बाप्पा, मला त्याचीच जास्त काळजी वाटून राहिली. उन्हाळ्यात आपल्याकडे पंप गळका अन् अर्थिंग नाही असे कूलर घरोघरी आहेत. अंगातून थोडाही करंट गेला तर पेसमेकर त्याला हृदयाचाच ठोका समजून स्वतःचा ठोका देणं थांबवू शकतो. आधी प्लग काढायचा, मगच पाणी, तेही पाइपनं. अर्थिंग तपासून घ्या अन् आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर बसवा.

मनीषनगरची लेक:
काका, दादा, ताई, खूप आभार. आईला सगळं वाचून दाखवलं, उचकीचं ऐकून गप्प झाली. चक्कर वगैरे काही नाही, पण हात वर गेला होता हे डॉक्टरांना फोन करून सांगितलं, त्यांनी उद्या तपासायला बोलावलं. मोबाईल आता फ्रीजवर. अन् चीक मी घोटते, ती खुर्चीवर बसून मीठ सांगणार.