ब्रसेल्सला बिअरमध्ये शिजवलेलं फिक्स मेनू लंच, आईबाबांना न्यावं का?

खादाड_नाशिककर
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आईबाबा माझ्याकडे जर्मनीत येतायत आणि त्यांना घेऊन दोन दिवस ब्रसेल्सला जायचंय. हॉटेलपासून जवळच एक जुनं रेस्टॉरंट आहे, तिथे जवळपास सगळंच बिअरमध्ये शिजवतात आणि दुपारी स्टार्टर, मेन, डेझर्ट असा ठरलेल्या किमतीचा मेनू असतो. मला तर फार जायचंय. पण आईने आयुष्यात बिअर चाखलेली नाही, बाबा कधीतरी घेतात, आणि दोघंही बीफ खात नाहीत (चिकन, मटण, मासे चालतात). जेवण कडू लागतं का हो? आणि शिजल्यावर अल्कोहोल पूर्ण उडून जातं हे खरंय का? आईला खोटं सांगून खाऊ घालायचं नाहीये मला.

ल्युव्हेनवाली
नक्की जा, पण आधी बीफचं बघा. तिथली सगळ्यात प्रसिद्ध डिश म्हणजे कार्बोनाद, डच बोलणारे तिला स्टोफव्लेस म्हणतात, ती बीफचीच असते, ब्राउन बिअरमध्ये तासन् तास मंद आचेवर शिजवतात आणि वर मोहरीची पेस्ट लावलेला ब्रेड टाकतात, तो विरघळून रस्सा दाट होतो. फिक्स मेनूत मेन म्हणून बऱ्याचदा हीच असते. त्याऐवजी गूझ नावाच्या आंबट बिअरमधला ससा, बिअरमधलं चिकन किंवा शिंपले आहेत का विचारा. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, बेल्जियमचे फ्राइज पारंपरिक पद्धतीने बीफच्या चरबीत तळतात, दोनदा! सगळीकडे नाही, पण बीफ खात नसाल तर हे विचाराच, सॉस कुठल्या स्टॉकमध्ये केलाय तेही विचारा. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा आम्ही फोनवरच सगळं विचारून टेबल बुक केलं, त्यामुळे तिथे बसल्यावर कोणाला अवघडल्यासारखं झालं नाही.
पाण्याचे पैसे लागतात, नळाचं पाणी मागितलं तर देतीलच असं नाही. आणि दुपारचं किचन लवकर बंद होतं, साडेबाराला जाऊन बसा.

मंद_आच
मी घरी बिअर बनवतो आणि तिच्यात स्वयंपाकही करतो म्हणून कडूपणाचं सांगतो. कडू चव हॉप्समुळे, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांमुळे येते, बिअर आटली की ती चव आणखी तीव्र होते, म्हणून आयपीएसारखी भरपूर हॉप्सची बिअर ओतून मटण केलंत तर वाया जाईल. बेल्जियन लोक गोडसर, कमी हॉप्सच्या ब्राउन बिअर वापरतात नाहीतर लॅम्बिक नावाची आंबट बिअर. लॅम्बिकमध्ये यीस्ट घालतच नाहीत, गरम वर्ट (धान्याचं गोड पाणी, त्याचीच पुढे बिअर होते) रात्रभर उघड्या पसरट भांड्यात ठेवतात आणि हवेतलं यीस्ट आपोआप लागतं, म्हणून ती फक्त थंडीच्या महिन्यांत बनते. हॉप्सही जुने, कडूपणा गेलेले घेतात. एक, दोन, तीन वर्षांच्या लॅम्बिक एकत्र केल्या की गूझ, आंबट चेरी घातल्या की क्रीक. हा आंबटपणा रश्श्यात आपल्या चिंचेचं काम करतो, मला तरी सशासारख्या कोरड्या मांसाला यापेक्षा चांगलं काही सुचत नाही. वेळ असेल तर ब्रसेल्सच्या आंदरलेख्त भागातली कांतिय्याँ ब्रुअरी बघाच, १९०० सालची आहे आणि आत म्युझियम आहे.
अल्कोहोल मात्र पूर्ण उडत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा तक्ता आहे त्यात १५ मिनिटं शिजवल्यावर साधारण ४० टक्के उरतं, तासाभराने २५, अडीच तासांनी ५. म्हणजे स्ट्यूमध्ये अगदीच थोडं, पण शिंपले पटकन होतात त्यात जास्त, आणि डेझर्टला क्रीकचं साबायों (अंड्याचं फेसाळ गोड क्रीम) असेल तर त्यात बरंच, कारण ते जेमतेम गरम करतात. आईंना हे आकडे सांगा आणि त्यांना ठरवू द्या.

खादाड_नाशिककर
खूप खूप आभार दोघांचे! आत्ताच जाऊन आलो म्हणून लिहितोय. फोन केला तेव्हा ते म्हणाले फ्राइज बीफच्या चरबीतलेच आहेत, मग त्यांनी आमच्यासाठी उकडलेले बटाटे दिले. आईला सगळं खरं सांगितलं, ती म्हणाली मी साधं खाईन, तिच्यासाठी बिअर न घातलेला भाजलेला मासा केला त्यांनी, तेवढ्याच पैशात. बाबांनी गूझमधला ससा घेतला, पहिला घास खाल्ला आणि म्हणाले अरे ही तर आमसुलाची आमटी, मग ब्रेडने ताट पुसून काढलं. ते बघून आईने स्वतःहून चमचाभर रस्सा मागितला. चाखून म्हणाली, थोडा गूळ हवा होता.