आप्पाकाकांचा डॉलर

*आप्पाकाका:* सावधान!! डॉलरच्या नोटेवरचा डोळा नीट पाहा. जॉर्ज वॉशिंग्टन गुप्त फ्रीमेसन संघटनेचा माणूस होता. अमेरिका त्यांनीच चालवली. १० जणांना पाठवा.

*सुमाकाकू:* अहो, आधी दुधाचं बिल भरलंत का ते सांगा.

*मृणाल (व्हर्जिनिया):* काका, गुप्त कसलं? इथे अलेक्झांड्रियात टेकडीवर मेसन लोकांनी त्याचं स्मारक बांधलंय, ३३३ फुटी मनोरा! मेट्रोतून उतरलं की समोर.

*आप्पाकाका:* म्हणजे होता ना? मग झालं तर.

*मृणाल:* होताच की! १७५२ मध्ये फ्रेडरिक्सबर्गच्या लॉजमध्ये (म्हणजे मेसन लोकांच्या शाखेत) दाखल झाला, तेव्हा जेमतेम २० वर्षांचा. १७८९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या शपथेला बायबल आणलं तेही न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स लॉजचं. १७९३ मध्ये कॅपिटॉलची, म्हणजे इथल्या संसद भवनाची, कोनशिला बसवली ती मेसनचा ॲप्रन बांधून, चांदीच्या थापीने. भरदिवसा, वाजतगाजत.

*सुमाकाकू:* ॲप्रन? स्वयंपाकाचा?

*मृणाल:* नाही काकू 😄 गवंड्याचा. मेसन म्हणजे गवंडीच ना. म्हणून थापी, गुण्या, कंपास या त्यांच्या खुणा.

*दादाकाका:* आप्पा, तुझ्यासारखा फॉरवर्डवाला तेव्हाही होता. मेरीलँडचा स्नायडर नावाचा पाद्री. १७९८ मध्ये त्याने वॉशिंग्टनला एक पुस्तक धाडलं, की इल्युमिनाटी नावाच्या गुप्त संघटनेचे लोक लॉजमध्ये घुसलेत, सांभाळा. वॉशिंग्टनने कळवलं, मी कुठल्याही लॉजचा प्रमुख नाही, गेल्या तीस वर्षांत एकदोनदाच तिकडे गेलो असेन. इथल्या लॉजमध्ये तसलं काही शिरलंय असंही मला वाटत नाही. आता गंमत बघ. त्या पत्राच्या दहाच वर्षं आधी अलेक्झांड्रियाच्या लॉज क्र. २२ च्या सनदेवर प्रमुख म्हणून याचंच नाव! मला विचारशील तर म्हातारा जरा अंग काढून घेत होता. पण पत्रानंतर पुढल्याच वर्षी गेला, तेव्हा माउंट व्हर्ननला, त्याच्या घरी, मयताला ॲप्रनवाले हजर, विधीही त्यांच्या पद्धतीने.

*बंड्या:* म्हणजे सोसायटीच्या कमिटीत बाबांचं नाव आहे तसं?

*सुमाकाकू:* दोन मीटिंगा केल्यात त्यांनी. दोन्ही वेळा वडे होते.

*आप्पाकाका:* विषय बदलू नका. फोर्टात यांचा हॉल आहे, ३० वर्षं त्यावरून ऑफिसला गेलोय. आत काय चालतं, कधी कळलं नाही. आणि डोळ्याचं काय?

*मृणाल:* तो अमेरिकेच्या राजमुद्रेतला, १७८२ चा. मुद्रेच्या पहिल्या समितीत मेसन एकटा फ्रँकलिन, आणि त्याचं चित्र नापास झालं. नोटेवर डोळा आला १९३५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या मंजुरीने.

*आप्पाकाका:* आणि रूझवेल्ट कोण?

*मृणाल:* …तो मेसन होता. १९११ पासून.

*आप्पाकाका:* बघा!!! म्हटलं नव्हतं??

*सुमाकाकू:* मृणाल, अगं हे सांगायलाच हवं होतं का? आता आठवडाभर मला ऐकायचंय.