नळाचं २४०, बोअरचं १८५०: आरओ घ्यावा की साधं यूव्ही-यूएफ पुरेल?

पूर्णाकाठ

घर अकोल्याजवळ, खारपाणपट्ट्यात. पाणी दोन ठिकाणचं. नळाला काटेपूर्णा धरणाचं पाणी पाच-सहा दिवसांआड येतं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरवर २४०. पावसाळ्यात गढूळ असतं. दुसरी घरची बोअर, टीडीएस १८५०. ते पाणी तोंडात धरवत नाही आणि भांड्यांवर पांढरा थर बसतो. दोन्ही पाणी गच्चीवरच्या एकाच १००० लिटरच्या टाकीत चढतं, त्यामुळे ओट्यावरच्या नळाला मीटर कधी ४०० दाखवतो, कधी ११००. टाकीच्या तळापासून ओट्यावरच्या नळापर्यंत उतार साडेचार मीटर.

घरात माणसं पाच. दुकानदार आरओ (क्षार काढणारा), यूव्ही (जंतू मारणारा दिवा), यूएफ (जंतू अडवणारी बारीक गाळणी), टीडीएस कंट्रोलर, कॉपर आणि अल्कलाइन असं सगळं एकात असलेलं १४ हजारांचं मशीन घ्या म्हणतो. एवढं सगळं लागतं का? वाया जाणारं पाणी किती? लोडशेडिंगमध्ये काय करायचं? आणि कंट्रोलर किती टीडीएसवर ठेवायचा?

निवळी

मशीनचं नंतर बघू, आधी टाकीचं बघा. नळाला ११०० दाखवतं तेव्हा टाकीत निम्म्याहून जास्त बोअरचं पाणी असतं. चांगल्या पाण्यात खारं मिसळायचं आणि तेच मीठ पुन्हा काढायला आरओ लावून तीन बादल्या मोरीत सोडायच्या, हा उलटा हिशोब आहे.

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी ५ लिटर धरा. पाच माणसांना रोज २५ लिटर. नळ सहा दिवसांनी आला तरी १५० लिटर पुरतात. म्हणून नळाच्या पाण्यासाठी ५०० लिटरची वेगळी टाकी बसवा, उन्हाळ्यात नळ लांबला तरी ती २० दिवस जाते. भरलेल्या टाकीचं वजन ५०० किलोच्या वर होतं, त्यामुळे ती भिंतीच्या किंवा बीमच्या डोक्यावर ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको. तिथून ओट्यापर्यंत अर्धा इंची सीपीव्हीसी लाइन वेगळी आणा.

एकच लाइन ठेवून दोन कॉकनी पाणी आलटून-पालटून घेऊ, असं प्लंबर सुचवेल. ते नको. कॉक थोडा जरी गळला तरी बोअरचं पाणी नळाच्या टाकीत शिरतं आणि मीटर लावेपर्यंत ते कोणाला कळत नाही. जोड ठेवावाच लागला तर पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, पण लाइन वेगळी असणं केव्हाही बरं.

दुसरं, टीडीएस मीटर फक्त विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून क्षारांचा आकडा काढतो. पाण्यात जंतू किती, नायट्रेट किती, फ्लोराइड किती हे तो सांगत नाही. गटाराचं पाणी मिसळलेलं २४० आणि स्वच्छ २४० त्याला सारखंच. म्हणून मशीन घेण्याआधी दोन्ही पाण्याची तपासणी करून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट अशी नावं नीट लिहून मागा, आणि जंतूंची तपासणी वेगळी सांगा. जंतूंसाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटलीच घ्यायची. तिच्यात क्लोरीन मारणारं औषध आधीच घातलेलं असतं, म्हणून बाटली विसळू नका. नळ दोन-तीन मिनिटं सोडून मग भरा, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका, आणि बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा. एक नमुना रस्त्यावरून येणाऱ्या नळाचा आणि एक ओट्यावरच्या नळाचा घ्या. दोष बाहेरचा की घरच्या टाकीचा, हे त्याशिवाय समजत नाही.

आकडे आले की आयएस १०५०० : २०१२ या मानकाशी ताडून बघा. सगळे आकडे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. टीडीएस ५०० पर्यंत चांगला, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. कठीणपणा २०० आणि ६००. फ्लोराइड १ आणि १.५. नायट्रेटला ४५ ही एकच मर्यादा, तिच्यात सूट नाही.

फिल्टरवाला

निवळी यांनी सांगितलेलं आधी करा. मी मशीनपुरतं लिहितो.

दुकानदार घरी आला की ग्लासात दोन सळ्यांचं यंत्र बुडवून दाखवेल. नळाचं पाणी मिनिटभरात तपकिरी-हिरवट होतं, वर गाळ तरंगतो, आणि आरओचं पाणी तसंच राहतं. तो गाळ पाण्यातला नसतो. एक सळी लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि ते लोखंड झिजून पाण्यात उतरतं. आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वीज वाहत नाही. त्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ घालायला सांगा आणि यंत्र पुन्हा लावायला सांगा, तसाच गाळ येईल.

आता आरओचं गणित. बाजारातला ८० जीपीडीचा (दिवसाला ८० गॅलनचा) मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पडदा, कागदावर दिवसाला ३०० लिटर देतो, तासाला साडेबारा. १८५० टीडीएसवर तेवढं येत नाही, कारण क्षारांचा उलटा दाब पंपाला आधी मोडावा लागतो. तासाला आठ-नऊ लिटर धरा, थंडीत आणखी कमी. घरगुती मशीनमध्ये एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर बाहेर जातं, म्हणजे २५ लिटरला रोज ७५ लिटर. शुद्ध पाणी १५० टीडीएसचं मिळालं तर बाहेर जाणारं पाणी २४०० च्या आसपास भरतं. ते कुंड्यांना घालू नका, माती खारावते आणि झाड पानांच्या कडांपासून जळत येतं. संडासात टाकायला चालेल.

वाया जाणारं पाणी कमी करतो म्हणून काही मिस्त्री बारीक फ्लो रिस्ट्रिक्टर (बाहेर जाणाऱ्या पाण्याची वाट आवळणारा भाग) घालतात. नळाच्या पाण्याला ते खपून जातं. कठीण बोअरला तसं केलं तर मेम्ब्रेनच्या शेवटच्या भागात क्षार इतके दाटतात की चुना तिथेच बसतो, आणि दोन वर्षं चालणारा मेम्ब्रेन सहा महिन्यांत दगड होतो.

लोडशेडिंगचं म्हणाल तर आरओला पंप लागतो, वीज गेली की बंद. साठवणीची टाकी ७-८ लिटरची असते, तेवढंच पाणी हाताशी. यूव्हीचा दिवाही विजेवर, आणि चांगल्या मशीनमध्ये दिवा बंद झाला की पाणीही बंद होतं, तसंच हवं. यूएफला वीज नको. साडेचार मीटर उतार म्हणजे ०.४५ किलोचा दाब, यूएफला तो पुरतो. यूएफ जंतू अडवतो, विषाणू सगळे अडवत नाही, आणि विरघळलेल्या क्षाराला हातही लावत नाही.

पूर्णाकाठ

तपासणी झाली. बोअर: टीडीएस १८५०, कठीणपणा ४२०, फ्लोराइड ०.९, नायट्रेट ६८. रस्त्यावरचा नळ: टीडीएस २४०, कठीणपणा १३०, नायट्रेट ९, जंतू नाहीत. ओट्यावरचा नळ: जंतू आहेत. टाकी वेगळी करायचं ठरवलंय. आता आरओ लागेल का? आणि बोअरचं पाणी उकळून घेतलं तर?

निवळी

आरओ लागत नाही. बाहेरचा नळ स्वच्छ आणि ओट्यावरचा दूषित, याचा अर्थ दोष घरच्या टाकीत किंवा पाइपात आहे. तो धुऊन आणि क्लोरीन देऊन जातो.

बोअर पिण्यात घेऊच नका. नायट्रेट ६८ आहे, आणि बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला त्या पाण्यात पावडर कालवून देणं धोक्याचं, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्याने घटते. उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि ते उलट दाट होतं, टीडीएसचंही तसंच. उकळण्याचा उपयोग जंतूंपुरता. शेतातलं खत किंवा बोअरजवळचा शोषखड्डा, दोन्हींतून नायट्रेट येतं, तेव्हा शोषखड्डा किती लांब आहे तेही बघा.

नवी टाकी वापरण्याआधी धुऊन घ्या. पाण्याने भरा, १०० ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीत कालवून निवळी टाकीत ओता, रात्रभर ठेवा, सकाळी सगळं सोडून द्या आणि दोनदा विसळा. त्या वेळी मशीनचा कॉक बंद पाहिजे. दर तीन महिन्यांनी हेच.

रोजच्या साठवणीला ५०० लिटरमागे ४ ग्रॅम टीसीएल, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. हा हिशोब २५ टक्के क्लोरीनच्या पावडरीचा आहे. पावडर मगभर पाण्यात ढवळा, दहा मिनिटं राहू द्या, खाली चुना बसतो, वरची निवळीच टाकीत घाला. अर्ध्या तासाने ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी करा, ती पाण्यात उरलेलं क्लोरीन दाखवते. पाणी फिकट पिवळं झालं पाहिजे, लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. रंग आला नाही तर पावडर जुनी आहे किंवा टाकी अजून घाण आहे. दमट जागी उघडी राहिलेली पावडर काही महिन्यांत निकामी होते, झाकणबंद डब्यात ठेवा. तीन दिवसांनी पुन्हा चाचणी घ्या आणि रंग गेला असेल तर निम्मी मात्रा द्या.

पावसाळ्यातली गढूळता मात्र वेगळी गोष्ट. आपली काळी माती इतकी बारीक असते की ५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून आरपार जाते, आणि गढूळ पाण्यात यूव्हीचा प्रकाश जंतूपर्यंत पोचत नाही. त्या दिवसांत तुरटी वापरा. २० लिटरला साधारण एक ग्रॅम, हरभऱ्याच्या दोन दाण्यांएवढी. ती विरघळवून एक मिनिट जोरात ढवळा, मग पाच मिनिटं अगदी सावकाश. सावकाश ढवळण्यातच मातीचे कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात, ते चुकवू नका. दोन-तीन तास हात लावू नका आणि वरचं पाणी कापडातून गाळून घ्या. क्लोरीन त्यानंतर. आधी दिलं तर निम्मं मातीच खाते.

फिल्टरवाला

मग विकत घ्यायचं ते असं. बाहेर १० इंची बाउलमध्ये ५ मायक्रॉनचा स्पन (गाळ अडवणारा धाग्याचा फिल्टर), त्याच्या पुढे कार्बन, मग यूएफ, शेवटी यूव्ही. कार्बन क्लोरीन आणि वास काढतो. त्याच्या पुढे पाण्यात क्लोरीन नसल्याने तिथून जंतू पुन्हा वाढू शकतात, म्हणून यूव्ही शेवटीच हवा. यूएफच्या पुढे, यूव्हीच्या आधी फाटा घेऊन ओट्यावर दुसरा छोटा नळ काढा, वीज नसताना फक्त यूएफचं पाणी मिळेल, टाकीत क्लोरीन दिलेलं असल्याने ते चालतं. कॉपर आणि अल्कलाइनचे कार्ट्रिज घेऊ नका. त्यांनी पाण्यातला कोणताही दोष जात नाही आणि बदलायला एक भाग वाढतो.

स्पन पांढरा असतो, तपकिरी झाला की बदला. पावसाळ्यात दोन महिन्यांत होतो, एरवी चार-सहा. कार्बन सहा महिने ते वर्ष. यूव्हीचा दिवा पेटलेला दिसतो म्हणून चालू ठेवू नका. ८-९ हजार तासांनंतर प्रकाश निळा दिसत राहतो, पण जंतू मारणारे किरण क्षीण झालेले असतात. दिव्याभोवतीच्या काचेच्या नळीवर पांढरा थर दिसला तर व्हिनेगरच्या फडक्याने पुसा, बोटांनी धरू नका.

कंट्रोलरचं तुम्ही विचारलं होतं. तो एक बारीक स्क्रू असतो, आरओच्या शुद्ध पाण्यात कच्चं पाणी मिसळणारा. मेम्ब्रेनमधून टीडीएस ५० च्या खाली येत असेल तर त्याला अर्थ आहे. तुमच्या बोअरला आरओ लावला असता तरी मेम्ब्रेनमधूनच १५० आलं असतं, स्क्रू उघडायचं कारणच नव्हतं. तो उघडला की नायट्रेटही त्याच वाटेने आत येतं. कोणाला लागलाच तर मिसळण्याची जागा यूव्हीच्या आधी आहे ना, हे पाइप बघून खात्री करा.

पूर्णाकाठ

समजलं. शेजाऱ्यांकडे बोअरवरच आरओ आहे, नळजोड नाही. मेम्ब्रेन बदलायची वेळ आली हे त्यांनी कसं ओळखायचं? आणि १५ दिवस गावाला गेलो तर आमच्या मशीनचं काय करायचं?

फिल्टरवाला

मेम्ब्रेनसाठी आत येणारा आणि बाहेरचा टीडीएस मोजायचा. १८५० मधून १५० म्हणजे ९२ टक्के क्षार अडले. ८० टक्क्यांच्या खाली, म्हणजे ३७० च्या वर गेलं की बदला. पण सकाळी पहिला ग्लास मोजू नका. रात्रभर मशीन थांबलं की क्षार मेम्ब्रेनमधून हळूहळू पलीकडे झिरपतात आणि पहिलं पाणी नेहमीच जास्त दाखवतं. पाच मिनिटं चालू ठेवून मेम्ब्रेनच्या नळीतून थेट नमुना घ्या, कंट्रोलर असेल तर बंद करून. एकेका मिनिटात शुद्ध आणि वाया जाणारं पाणी मापाच्या भांड्यात धरा. १६० आणि ४८० मिली आलं तर प्रमाण ठीक. शुद्ध कमी, वाया जास्त झालं तर मेम्ब्रेन तुंबलाय. दोन्ही सारखेच कमी झाले तर आधी स्पन बघा, मग पंप.

गावाला जाताना मशीनचा कॉक आणि वीज बंद करा, साठवणीची टाकी असेल तर रिकामी करून कोरडी ठेवा. परत आल्यावर दहा मिनिटं पाणी सोडून द्या, नंतर भरलेली पहिली टाकी भांड्यांना वापरा. दुसरीपासून प्या.