मंडपात देणगीपेटी ठेवायची, पण पोराचा फोटो लावायचा काय?

वडगावकर: आमची सात-आठ जणांची संस्था. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू दुबळे होत जाणारा आजार, तो असलेल्या मुलांची व्हीलचेअर, फिजिओथेरपी, बेंगळूरचं गाडीभाडं, एवढंच बघतो. यंदा गणपतीत गल्लीतल्या मंडळाने पेटीला जागा दिली, पण बॅनरवर पोराचा फोटो पाहिजे म्हणतात. माझा विरोध आहे. गेल्या वर्षी नऊ वर्षांच्या एकाचा लावला होता. शाळेत पोरं त्याला 'पेटीवाला' म्हणायला लागली.

खानापूरकर: पटतंय, पण रात्री पेटी उघडून नोटा मोजायला मी बसतो. फोटो नव्हता त्या वर्षी सगळ्या दहाच्या. फोटो लावला, पाचशेच्या निघाल्या. तत्त्वाने चाकं येत नाहीत हो.

निपाणीची मावशी: माझ्या भाच्याला हाच आजार. पोटऱ्या अशा भरलेल्या की लोक म्हणायचे, पैलवान होणार! जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत टेकत उभा राहायचा, त्यावरून डॉक्टरांना शंका आली. फोटो काढायला आलेले म्हणाले, "हसू नको रे." तो तर नवा शर्ट घालून बसला होता.

कॅम्पवाला: मुळात हात पसरायचे कशाला? 2021 च्या राष्ट्रीय धोरणात दुर्मीळ आजारांसाठी 50 लाखांपर्यंत मदत आहे, ड्युशेन त्यात बसतो. स्वयंसेवकांनी अर्ज भरून द्यावेत.

वडगावकर: भरतोच की. पण ती मदत ठरवून दिलेल्या केंद्रातल्या उपचाराला, आणि कर्नाटकातलं केंद्र बेंगळूरला. बाराव्या वर्षाच्या आसपास यांचं चालणं सुटतं. तेवढ्या पोराला उचलून रात्रीच्या गाडीत चढवायचं, दोघांची मजुरी बुडवायची. ती कुठल्या अर्जात मागू?

खानापूरकर: आईबापांनी लेखी परवानगी दिली तर?

निपाणीची मावशी: व्हीलचेअर तुमच्याकडूनच घेतल्यावर ते नाही म्हणतील होय?

खानापूरकर: हं. हे खरं. मग पाठमोरा लावा.

वडगावकर: गल्लीत व्हीलचेअर एकच आहे, पाठीवरनंही ओळखतात. मी म्हणतो, नुसत्या रिकाम्या व्हीलचेअरचा फोटो लावू, शेजारी खर्चाचा तक्ता. रविवारी मंडळाच्या बैठकीत सांगणार आहे.

खानापूरकर: रिकाम्या खुर्चीला दहाचीच नोट पडणार, लिहून ठेवा. मोजायला मात्र बोलवा.