मदत हवी आहे : दोडामार्गच्या कपारीतलं हे वटवाघूळ कोणतं?

नमस्कार मंडळी. आमच्या गावामागच्या डोंगरात एक खोल कपार आहे. परवा तिन्हीसांजेला तिच्या तोंडाशी एक वटवाघूळ खाली पडलेलं दिसलं. हात लावला नाही. थोड्या वेळाने खडकावर सरपटत चढलं आणि उडालं. फोटो धूसर आलाय, म्हणून वर्णन देतो.

कान भलेमोठे, पुढे झुकलेले आणि कपाळावर एकमेकांना जोडलेले. पाठ गडद तपकिरी, मखमली. मानेमागे फिकट राखाडी पट्टा. शेपटी मागच्या पायांमधल्या कातडी पडद्याच्या कडेबाहेर उंदरासारखी लोंबत होती. जोडलेल्या कानांमुळे आधी फॉल्स व्हॅम्पायर जातीचं वटवाघूळ वाटलं, पण त्याच्या नाकावर पानासारखी उभी कातडी असते आणि शेपटी दिसतच नाही. किल्ल्यांत टूम बॅट जातीची वटवाघळं असतात, त्यांची शेपटी पडद्याच्या वरच्या अंगाने बाहेर येते. तेही नाही.

उरतं रॉटन्स फ्री-टेल्ड (मोकळ्या शेपटीचं) बॅट! १९१३ साली ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, ते घाटावरच्या बारापेडे गुहेतल्या नमुन्यांवरून. तळेवाडीजवळची ही गुहा आता कर्नाटकातल्या भीमगड अभयारण्यात आहे. पुढे कित्येक वर्षं तेवढं एकच ठिकाण माहीत होतं; मग मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. बारापेडे आम्हाला तसं शेजारीच, म्हणून आशा वाटते. की मी उगाच हुरळलोय? इजिप्शियन फ्री-टेल्डपासून वेगळं कसं ओळखायचं? आणि कळवायचं कुणाला? डोंगराच्या दुसऱ्या अंगाला चिऱ्याची खाण सरकत येतेय, म्हणून घाई आहे.

प्रतिसाद :
इजिप्शियन बरंच लहान असतं, कान असे जोडलेले नसतात आणि मानेवर फिकट पट्टा नसतो. तुम्ही पट्टा नीट पाहिला असेल तर आशेला जागा आहे. पण पकडून मोजमाप करायला जाऊ नका. हा प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, परवानगीशिवाय हात लावणं गुन्हा. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत पूर्वी 'अतिधोक्यात' होतं, आता 'अपुरी माहिती' या वर्गात आहे. म्हणजे सुरक्षित झालं असं मुळीच नाही!

आत टॉर्च घेऊन शिरू नका. ही छताच्या फटींत, भोकांत दाटीने बसतात. त्यापेक्षा संध्याकाळी बाहेर उभं राहून कान द्या. रॉटन्सचा आवाज वटवाघळांच्या मानाने इतक्या खालच्या पट्टीत असतो की तरुण कानांना टिकटिक ऐकू येऊ शकते. सोबत एखादं शाळकरी पोर न्या, आमच्यासारख्यांना काही ऐकू यायचं नाही. बॅट डिटेक्टरवर (वटवाघळांचे आवाज टिपणाऱ्या यंत्रावर) ध्वनिमुद्रण झालं तर उत्तमच.

वनविभागाला लेखी कळवा, पोच घ्या, अर्जात खाणीचा उल्लेख करा. आणि कपारीची नेमकी जागा इथे लिहू नका.